दुपारची गळती

१

दुपारी जेवणं आटोपून धाकटा कामाच्या टेबलाशी बसला की त्या घरात तासभर कुणी कुणाशी बोलत नसे. तो कवळ्या बनवायचा. दातांच्या डॉक्टरांकडून लोकांच्या तोंडाचे साचे यायचे, त्यांवर गुलाबी मेण चढवायचं आणि मेणात एकेक दात बसवत जायचं, असं डोळे फोडणारं काम. त्याची बायको दवाखान्यात नर्स होती. सध्या तिला रात्रपाळी होती, म्हणून दुपारी ती पलीकडच्या खोलीत पडदे ओढून झोपायची. आणि वहिनी, म्हणजे त्याच्या थोरल्या भावाची बायको, आपल्या खोलीत रेडिओ बारीक लावून आडव्या व्हायच्या.

पन्नाशी ओलांडली, डोक्यावरचे केस गेले, तरी घरात आणि गल्लीत सगळे त्याला धाकटाच म्हणत. त्याच्यामुळे बायकोसुद्धा धाकटी झाली होती. दादा जाऊन वर्ष होत आलं होतं. "एवढं होऊन तुमची काही बढती झाली नाही," असं ती अधूनमधून म्हणायची. वहिनींच्या समोर मात्र नाही.

वास आधी तिलाच आला. ती डोळे चोळत टेबलापाशी आली.

"अहो, त्या तुमच्या द्रावणाची बाटली उघडी राहिलीय का? डोकं चढलंय माझं."

कवळीचं प्लास्टिक कालवायचं द्रावण उग्र वासाचं असतं. पण बाटलीला बूच होतं. धाकट्याने नाक वर करून हवा हुंगली.

"हा तो वास नाही. पेट्रोल आहे हे."

दोघं जिन्याच्या तोंडाशी गेली. वास खालून येत होता.

खालच्या खोलीत दादाची मोटारसायकल होती. जुनी, जड, दादाच्या लग्नाच्याही आधीची. पुढे चालवणाऱ्यासाठी तिकोनी सीट, सीटखाली दोन जाड स्प्रिंगा, मागे बसणाऱ्यासाठी वेगळी चौकोनी गादी. दादा गेल्यापासून ती स्टँडवरच उभी होती. कधीमधी धाकटा तिला सुरू करायचा, मिनिटभर धडधडू द्यायचा आणि बंद करायचा. चालवायचा त्याला कधी धीर झाला नाही.

इंजिनाच्या बाजूला कार्बुरेटर असतो, आणि कार्बुरेटरच्या खाली फरशीवर आता बशीएवढं थारोळं झालं होतं. शेजारच्याच भिंतीवर वर विजेचं मीटर होतं.

"हे आधी बंद करा," धाकटी म्हणाली. "भाजलेली माणसं मी रोज बघते. घरात बघायची नाहीत मला."

धाकट्याने टाकीखालचा कॉक चाचपला. तो उघडा होता. आपणच मागच्या वेळी विसरलो असू, असं मनाशी म्हणत त्याने तो बंद केला.

२

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने कार्बुरेटर उतरवला. हत्यारं दादाचीच होती, आणि हात धाकट्याचा. आयुष्यभर केसाएवढ्या फटी घासणाऱ्या माणसाला ते काम अवघड नव्हतं.

कार्बुरेटरच्या पोटात एक छोटी वाटी असते. तिच्यात पेट्रोल साठतं. पेट्रोलवर पितळी फ्लोट तरंगतो, आणि वाटी भरली की तो वर येऊन एक सुई लावतो, तोंड बंद होतं. सुई झिजली की ते तोंड नीट मिटत नाही, मग वाटी ओसंडते. धाकट्याने सुई भिंगाखाली धरली. टोकाला किंचित झीज होती. त्याने नवी घातली. फ्लोट गरम पाण्यात बुडवून पाहिला, एकही बुडबुडा आला नाही. वाटीखालचं गॅस्केट बदललं, वाटीची कड काचेवर घासून सपाट केली, सगळं फुंकून, पुसून परत बसवलं. मग कॉक उघडून खाली वर्तमानपत्र पसरलं आणि तासभर तिथेच स्टुलावर बसून राहिला. एक थेंब पडला नाही. त्याने कॉक बंद केला आणि खुशीत शीळ घालत वर आला.

दुपारी पुन्हा वास आला.

तो धावत खाली गेला. वर्तमानपत्र भिजून फरशीला चिकटलं होतं. कॉक उघडा होता. आणि मागे बसणाऱ्याचं फूटरेस्ट, जे एरवी वर दुमडलेलं असतं, ते खाली पाडलेलं होतं.

धाकट्याने तिन्ही गोष्टी पाहिल्या, आणि त्यांतल्या एकीचाच विचार करायचं ठरवलं. कॉकच्या आतलं बूच झिजलं असेल, म्हणून तो सैल पडून धक्क्याने फिरत असेल. रस्त्यावरून मोठ्या गाड्या जातात, फरशी हादरते. त्याने कॉक खोलला, बूच बदललं. नवा कॉक इतका घट्ट झाला की फिरवताना चिमटीत कळ आली.

दुपारी तोही उघडा होता.

३

मग एका दुपारी त्याने कामाला सुट्टी दिली आणि गच्चीकडे चढणाऱ्या पायऱ्यांवर जाऊन बसला. वहिनींच्या खोलीतला रेडिओ बंद झाला. थोड्या वेळाने वहिनी बाहेर आल्या. धाकटा वळणावर अंधारात होता, त्यांना दिसला नाही. जाड बांध्याच्या, गुडघे दुखणाऱ्या वहिनी कठड्याला धरून एकेक पायरी उतरल्या, खालच्या खोलीत गेल्या आणि त्यांनी दार लोटून घेतलं. आत काही बोलल्यासारखं वाटलं, एखादाच शब्द. मग त्या पदराला हात पुसत बाहेर आल्या.

मधल्या पायऱ्यांवर उतरून आलेल्या धाकट्याशी त्यांची गाठ पडली.

"वहिनी, तुम्ही खाली काय करत होता?"

त्या दचकल्या नाहीत. दमल्यासारख्या दिसल्या फक्त.

"कॉक बंद केला, भावजी."

त्यांच्या बोटांना पेट्रोलचा वास येत होता. धाकट्याच्या डोक्यात सगळं जागच्या जागी बसलं, आणि त्याला हायसं वाटलं, आणि लगेच त्या हायसं वाटण्याची लाज वाटली. नवरा गेलेली बाई दुपारी त्याच्या गाडीपाशी जाते, हात लावते, कॉक उघडते. त्यात नवल ते काय?

संध्याकाळी त्याने बायकोला सांगितलं. डबा भरता भरता ती थांबली.

"दवाखान्यात अशी माणसं येतात," ती म्हणाली. "स्वतः करतात आणि स्वतःलाच माहीत नसतं. ताईंना थोडे दिवस बाहेर काढायला हवं. त्यांच्या बहिणीच्या डोळ्याचं ऑपरेशन आहे ना? तिकडे सोबतीला धाडू."

वहिनी सहजी तयार झाल्या नाहीत. नको, तिकडे माझी झोप होत नाही, तिची सून आहे करायला, अशी कारणं काढत राहिल्या. शेवटी बहिणीनेच फोन करून गळ घातली तेव्हा त्यांचा नाइलाज झाला. निघताना बॅग दारात ठेवून त्या धाकट्याला बाजूला घेऊन गेल्या.

"भावजी, एवढं करा. दुपारी जेवण झालं की खाली जा. कॉक बंद करा. फूटरेस्ट पाडलेलं असेल, ते वर करा. आणि..."

"आणि काय?"

वहिनींनी त्याच्याकडे पाहिलं. वर्गात उत्तर येत असूनही हात वर न करणाऱ्या मुलीसारखा त्यांचा चेहरा झाला.

"काही नाही. धाकटीला दुपारची एकटी झोपू देऊ नका."

"मी असतोच की घरात."

"हो. तुम्ही असता," त्या म्हणाल्या, आणि रिक्षात बसल्या.

४

वहिनी गेल्या त्या दुपारी धाकट्याने खालच्या खोलीला कुलूप लावलं. किल्ली शर्टाच्या खिशात ठेवली. सांगितल्याप्रमाणे जेवणानंतर खाली जाऊन बघायचं त्याच्या मनात होतं, पण शाळेच्या हेडमास्तरांची कवळी त्याच आठवड्यात द्यायची होती. कामात वेळ निघून गेला. आणि कुलूप तर होतंच.

वास आला तेव्हा पहिल्यांदा त्याला स्वतःचाच राग आला. नाकात बसलाय वास, आता आठवडाभर जाणार नाही, असं तो पुटपुटला. पुटपुटतच कुलूप उघडून आत गेला.

फरशी ओली होती. कॉक उघडा. फूटरेस्ट खाली.

तो तसाच भिंतीला टेकून उभा राहिला. मग, कारागिराला जे सुचतं तेच त्याला सुचलं. गळतंय तर नेमकं कुठून गळतंय? त्याने विजेरी आणली आणि गुडघ्यांवर बसला. वाटीचा जोड कोरडा होता. नळीचं तोंड कोरडं होतं. ओल होती फक्त वाटीच्या झाकणावर, एका बारीक दट्ट्याच्या भोवती.

हा दट्ट्या त्याला चांगला माहीत होता. जुन्या गाड्या थंड असताना सुरू होत नाहीत. चालवणारा आधी कॉक उघडतो, मग अंगठ्याने हा दट्ट्या दाबतो. दट्ट्या फ्लोटला खाली ढकलतो, वाटी गच्च भरते, वरून पेट्रोल पाझरू लागतं. अंगठा ओला झाला की समजायचं, गाडी तयार आहे. मग किक मारायची. लहानपणी दादा हे करताना धाकटा शेजारी उभा राहून टिक टिक मोजायचा.

म्हणजे सुई ठीक होती. गॅस्केट ठीक होतं. कार्बुरेटर गळत नव्हताच. रोज दुपारी कुणीतरी निघायची तयारी करत होतं.

धाकटा उठून वर गेला आणि गुलाबी मेणाचा तुकडा घेऊन आला. दिव्यावर धरून त्याने तो मऊ केला आणि दट्ट्याच्या डोक्यावर टोपीसारखा बसवला. का, ते त्याने स्वतःलाही विचारलं नाही. त्याचं कामच ते होतं. कुठलीही गोष्ट कशी आहे हे कळायला हवं असेल तर तिचा ठसा घ्यायचा.

दुसऱ्या दुपारी मेण दाबलेलं होतं. कडेने पेट्रोलने विरघळून त्याचा लगदा झाला होता, पण मधला ठसा साफ होता. अंगठा. रुंद, चपटा, पुरुषाचा. धाकट्याने शेजारी आपला अंगठा टेकवून पाहिला, तो अर्ध्यातच मावला. भिंग लावलं तेव्हा ठशाच्या रेघांना आडवी छेदून गेलेली एक खूण दिसली. तरुणपणी पत्रा कापताना दादाच्या अंगठ्यावर असाच वार बसला होता, आणि टाके घालताना धाकट्यानेच त्याचा दुसरा हात धरला होता.

त्याने ते मेण चिमटीत घेतलं, मळलं, पुन्हा मळलं, गोळी केली आणि खिडकीबाहेर टाकून दिली. मग पाना घेतला आणि कार्बुरेटरच उतरवून टाकला.

५

बायकोला त्याने एवढंच सांगितलं की कार्बुरेटर काढून वर आणलाय, आता वास यायचा नाही. "देव पावला," ती म्हणाली आणि झोपायला गेली.

कार्बुरेटर त्याने सकाळीच पूर्ण रिकामा केला होता. आत हवा मारून, कापूस फिरवून तो कोरडा ठणठणीत केला होता. आता तो कामाच्या टेबलावर, प्लास्टरच्या साच्यांच्या रांगेत, पांढऱ्या कागदावर ठेवलेला होता. खाली टाकीची नळी वर करून तारेने बांधली होती. खोलीला कुलूप होतं आणि किल्ली खिशात. धाकट्याने हे सगळं मनात एकदा मांडून पाहिलं, आणि मग हेडमास्तरांचा वरचा सुळा मेणात बसवायला घेतला.

दुपार नेहमीसारखीच होती. पडद्याच्या कडेने उन्हाची एक पट्टी टेबलावर पडली होती. पलीकडच्या खोलीत बायकोचा श्वास संथ लागला होता. वहिनींच्या खोलीत रेडिओ नव्हता, तेवढी एक पोकळी जाणवत होती. कुणीतरी लांब नळ सोडला, बंद केला.

टिक.

धाकट्याने मान वर केली नाही. स्प्रिंग असते आतमध्ये, उन्हाने तापली की हलते. पडलंच आहे तिच्यावर ऊन.

टिक.

आता त्याने पाहिलं. पट्टी कार्बुरेटरपासून वीतभर लांब होती. आणि त्याच्या डोळ्यांदेखत तो बारीक पितळी दट्ट्या खाली गेला. खालीच राहिला. एखाद्याने अंगठा टेकवून, सवयीने, घाई न करता धरून ठेवावा तसा. मग त्याच्या मुळाशी काहीतरी चमकलं, फुगलं, आणि कडेवरून ओघळून कागदावर उतरलं. कोरड्या वाटीतून. पांढऱ्या कागदावर डाग पसरत पसरत हेडमास्तरांच्या साच्यापर्यंत आला. वासाने धाकट्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

दट्ट्या सुटला आणि वर आला.

पलीकडे पलंग करकरला.

"आले, आले," बायकोचा आवाज आला. झोपेतला, पण गोड. "थांबा की जरा. चपला तरी घालू द्या."

ती दारातून बाहेर आली. केस सुटलेले, पायांत चपला, पर्स खांद्याला. धाकट्याला ओलांडून ती जिन्याकडे निघाली.

"अगं, कुठे निघालीस?"

"कुठे म्हणजे? तुम्हीच तर म्हणालात, चल, निघू." हे ती त्याच्याकडे न बघता बोलली. ज्याच्याशी बोलत होती तो तिच्या एक-दोन पायऱ्या पुढे असावा, अशी तिची नजर होती.

धाकट्याला उठायचं होतं. पण हातातला सुळा कुठे ठेवायचा तेच त्याला सुचेना. चपलांचा आवाज जिना उतरत गेला. मग खालच्या खोलीचं दार उघडल्याचा आवाज आला. त्याचा हात आपोआप खिशाकडे गेला. किल्ली खिशातच होती. त्या किल्लीने मात्र तो उठला.

खाली दार सताड उघडं होतं. बायको मोटारसायकलच्या मागच्या गादीवर एका बाजूला दोन्ही पाय सोडून बसली होती, पावलं फूटरेस्टवर नीट टेकवून. उजवा हात तिने पुढे, खांद्याच्या उंचीवर ठेवला होता. ठेवला होता, म्हणजे तो हवेत नव्हता. हवेत धरलेला हात कापतो, दमतो. हा हात विसावलेला होता.

आणि तिच्या पुढची सीट रिकामी होती, आणि सीटखालच्या दोन्ही स्प्रिंगा तळापर्यंत दबलेल्या होत्या.

धाकटा बसला की त्या स्प्रिंगा अर्ध्यावर यायच्या. तळापर्यंत त्या फक्त दादाच्या वजनाने जायच्या.

किकचा दांडा हळूहळू खाली येऊ लागला. झटक्याने नव्हे. इंजिनाची नाडी बघावी तसा, अडतो तिथे थांबत, पुन्हा दबत. कार्बुरेटर काढलेल्या भोकातून इंजिनाने एक लांब श्वास ओढला.

धाकट्याने बायकोच्या कमरेला मिठी मारली आणि मागे ओढलं. ती आली, पण तिचा उजवा हात मागे राहिला. क्षणभर तो तिथेच, खांद्याच्या उंचीवर अडकला होता, आणि तो सोडवायला धाकट्याला दोन्ही पाय भिंतीला रोवावे लागले. मग दोघं धप्पकन फरशीवर पडली.

वर बघायचं नाही असं त्याने ठरवलं होतं. तरी स्प्रिंगा कुरकुरत मोकळ्या झालेल्या त्याला ऐकू आल्या.

"मी खाली कशी आले?" धाकटी म्हणाली. तिने आधी स्वतःची नाडी पाहिली, मग त्याची. "अहो, तुमचे हात बर्फासारखे झालेत."

६

फोनवर त्याने वहिनींना काही समजावून सांगितलं नाही. "वहिनी, तुम्ही या," एवढंच म्हणाला.

"धाकटी कुठेय?"

"इथे आहे. माझ्यापाशी."

"तिला घेऊन घराबाहेर बसा. येतेच मी."

दुसऱ्या दिवशी दुपारच्या आत त्या आल्या. बॅग खाली ठेवण्याआधी टेबलावरचा कार्बुरेटर त्यांच्या नजरेला पडला.

"हा वर कुणी आणला?"

"मी. म्हटलं, हाच नसेल तर..."

"एकदा मी टाकी रिकामी केली होती, भावजी," वहिनी म्हणाल्या. "त्या दिवशी तुमचा दादा वर आला होता. माझ्या खोलीपर्यंत." त्यांनी कार्बुरेटर उचलून धाकट्याच्या हातात दिला. "आत्ताच्या आत्ता परत बसवा."

धाकट्याने तो बसवायला घेतला. वहिनी स्टुलावर बसून बघत होत्या, आणि बघता बघता त्या बोलू लागल्या, जसं आजारी माणसाच्या खाण्यापिण्याबद्दल बोलावं तसं.

"तुम्हाला माहीत आहे त्याचा स्वभाव. साधा पाव आणायला निघाला तरी कुणीतरी मागे बसायला हवं. सासूबाई हसायच्या, याला एकटं स्वर्गातसुद्धा जाता यायचं नाही. त्या दिवशी जेवला आणि म्हणाला, जरा पडतो, मग निघू. निघू म्हणाला. कुठे निघायचं होतं ते राहूनच गेलं." त्यांनी पदर सारखा केला. "मग महिन्याभराने वास यायला लागला. मी खाली आले तेव्हा फूटरेस्ट पाडलेलं होतं. माझ्यासाठी."

"मग तुम्ही काय केलंत?"

"नाही म्हणाले. रोज म्हणते. कॉक बंद करते, फूटरेस्ट वर करते आणि म्हणते, आज नाही. माझं ऐकतो तो. मी नसले की दुसऱ्याला विचारणारच."

"हे तुम्ही जाताना सांगायला हवं होतं मला."

"सांगितलं असतं तर तुम्ही मला दवाखान्यात नेलं असतं. धाकटीच्याच."

धाकट्याने शेवटचा नट आवळला.

"विकून टाकू ही," तो म्हणाला.

"ज्याच्या घरी जाईल त्याच्या घरात बायकापोरं असतील. परक्याने नाही म्हटलेलं तो कशाला ऐकेल?"

"कुठे न्यायचंय त्याला, वहिनी?"

"मी विचारत नाही," वहिनी ताडकन म्हणाल्या. "विचारलं की अर्धं हो म्हटल्यासारखं होतं. तुम्हीही विचारायचं नाही."

दुपार झाली. धाकट्याची बायको शेजाऱ्यांकडे बसली होती. खोलीत दोघंच. धाकटा कॉककडे टक लावून बघत होता, तरी तो कधी फिरला ते त्याला दिसलं नाही. डोळ्याची पापणी लवली असेल, तेवढ्यात तो उघडा झालेला होता. टिक, टिक असा आवाज झाला. पेट्रोलचा पहिला थेंब खाली पडला. पुढच्या सीटच्या स्प्रिंगा सावकाश, दमाने, तळापर्यंत गेल्या.

वहिनी गुडघ्यांवर हात देऊन उठल्या. त्यांनी कॉक बंद केला, वाकून फूटरेस्ट वर दुमडलं, आणि सीटच्या वर, जिथे चालवणाऱ्याचा चेहरा असेल, तिथे नजर लावली.

"आज नाही," त्या म्हणाल्या. संसारात हजारदा म्हणावं तसं, वैतागून आणि मायेनं.

बराच वेळ काहीच झालं नाही. मग स्प्रिंगा एकेक करून वर आल्या.

"आता तुम्हाला शिकून घ्यायला हवं," वहिनी धाकट्याला म्हणाल्या. "माझे गुडघे किती दिवस साथ देतील?"

७

ते फार दिवस चाललं नाही. थंडीत वहिनींना जिना उतरणं होईना, आणि दुपारची खालची फेरी धाकट्याकडे आली. बायकोने दिवसपाळी मागून घेतली. दुपारी ती घरी नसते. तिला त्या दिवसातलं काही आठवत नाही, पण खालच्या खोलीवरून जाताना ती उजवा हात पदरात घेते.

आरंभी आरंभी धाकटा दारातूनच "आज नाही" म्हणायचा आणि पळायचा. शेजाऱ्याचा कुत्रा हाकलावा तसं. मग सवय झाली. एवढा आपला सख्खा भाऊ, त्याला दारातून हाकलायचं, हेही बरं वाटेना. तो स्टुलावर बसू लागला. हेडमास्तर नव्या कवळीने शिट्टी वाजल्यासारखे बोलतात, हे त्याने एकदा सांगितलं, आणि स्प्रिंगा किंचित हलल्या, कुणी हसल्यावर हलाव्यात तशा. वर आल्यावर वहिनी पलंगावरूनच विचारायच्या, "आज एवढा वेळ?" तो म्हणायचा, कॉक जरा घट्ट झालाय.

काल दुपारी बाहेर छान हवा होती. दाराच्या फटीतून रस्ता दिसत होता, रिकामा, लांबपर्यंत उन्हात पडलेला. दट्ट्याचा आवाज झाला. पेट्रोलचा वास आला, आणि धाकट्याला आता त्या वासाने डोकं चढत नाही. स्प्रिंगा खाली गेल्या. तो उठला, कॉकवर हात ठेवला. फूटरेस्ट त्याच्याच बाजूला पाडलेलं होतं, त्याच्या पावलापासून वीतभर अंतरावर. तोंड उघडताना त्याला "आज नाही" हेच म्हणायचं होतं.

"कुठे जायचंय, दादा?" तो म्हणाला.

सीट कुरकुरली. पुढे बसलेला माणूस मागच्याशी बोलायला कमरेतून वळला की कुरकुरते तशी. त्याच्या कानापाशी गरम हवा आली.

धाकटा वर आला तेव्हा रेडिओ बारीक चालू होता. वहिनींनी उशीवरून मान वळवली.

"म्हणालात ना?"

"म्हणालो," धाकटा म्हणाला.

वहिनींचं समाधान झालं. त्यांनी डोळे मिटले. धाकटा जाऊन टेबलाशी बसला, मेणाचा तुकडा हातात घेतला, आणि तसाच धरून बसला. कॉक बंद करायचा राहिला होता. पायातल्या चपला त्याने काढल्या नव्हत्या.